फळीवर चिकटवलेली आई

आमच्या शाळेत नव्याने लागलेल्या विज्ञानाच्या बाईंनी स्टाफरूममध्ये पहिल्यांदा ‘व्हिजन बोर्ड’ हा शब्द काढला, तेव्हा मी डबा खात होते आणि मला वाटलं, आलं शिक्षण खात्याचं काहीतरी नवीन. आता याचीही माहिती भरून पाठवायची. पण तसं नव्हतं. बाईंनी मोबाइलवर दाखवलं: एक मोठा पुठ्ठा आणि त्यावर आयुष्यात जे जे हवं त्याची चित्रं चिकटवलेली. बंगला, परदेश, सडपातळ कंबर. रोज सकाळी त्याच्यासमोर उभं राहायचं, हे सगळं आपल्याला मिळालेलंच आहे असं मनात आणायचं, म्हणजे ते मिळतं. “मॅडम, माझी स्कूटी अशीच आली,” त्या म्हणाल्या. स्कूटी त्यांच्या वडिलांनी घेऊन दिली होती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मी हसले. आणि घरी जाता जाता राजापेठेतून गोंदाची मोठी बाटली घेतली.

मला हवं होतं ते एकच. माझी आई अकोल्याला एकटी राहते. बाबा गेल्यापासून डाबकी रोडच्या त्या दोन खोल्या, गच्ची, शिवणाचं मशीन आणि ती. तिने अमरावतीला आमच्याकडे राहायला यावं, कायमचं, एवढंच माझं मागणं होतं. मुलगा पुण्याला शिकायला गेला तेव्हा त्याची खोली रिकामी झाली. ती मी आईसाठी रंगवून घेतली. न्हाणीघरात तिला धरायला भिंतीला स्टीलची दांडी बसवून घेतली. पूर्वेच्या खिडकीला जाळी लावली, कारण तिला डास फार चावतात. सगळं तयार होतं, फक्त आई नव्हती.

रोज संध्याकाळी आमचं फोनवर भांडण व्हायचं. मी म्हणायची, तुझे गुडघे. ती म्हणायची, गुडघे अमरावतीत येऊन काय पळतीन? मी म्हणायची, गॅस चालू राहिला तर? ती म्हणायची, आजवर राह्यला का? मी म्हणायची, एकटीला भीती नाही वाटत? त्यावर ती हसायची आणि विचारायची, “तुनं भाजी कोन्ती केली आज?” म्हणजे विषय संपला. मला माणसांचं भलं त्यांच्या आधी कळतं, आणि ते त्यांना पटत नाही तेव्हा माझं डोकं फिरतं. नवरा म्हणतो, तू मुख्याध्यापिका न होताच तशी झालीस.

तर फळी. फर्निचरच्या कामातून उरलेला प्लायवूडचा एक तुकडा माळ्यावर होता. तो पुसला, त्याला पांढरा कागद लावला. आता नुसती आई लावणं बरं दिसेना, म्हणून तोंडदेखली आणखी चित्रं शोधली. वर्तमानपत्रातून एक लाल कार कापली. कॅलेंडरवरचा समुद्र कापला. एक योगासन करणारी बाई कापली, जिचं पोट आणि माझं पोट यांचा काही संबंध नव्हता. ही सगळी चित्रं तळहाताएवढी. आणि मधोमध आई.

आईचा फोटो मावसबहिणीच्या लग्नातला होता. डोक्यावर पदर, कुणाच्या तरी बोलण्याला हसते आहे, शेजारी उभ्या असलेल्या मावशीचा अर्धा खांदा दिसतो. तो मी स्टुडिओत नेला आणि म्हटलं, फक्त यांचा मोठा करून द्या. स्टुडिओवाल्याने मावशीचा खांदा घालवला, मागचा मंडप घालवला, मागे फिकट निळं आभाळ टाकलं, सोनेरी किनार लावली, आणि वर अगदी हळू आवाजात म्हणाला, “घाई नाही ना ताई? सावकाश नीट करून देतो.” मला वाटलं, किती चांगला माणूस आहे. निळं आभाळ मला आवडलं. मोकळं वाटत होतं.

फळी हॉलमध्ये लावली, टीव्हीच्या वर. नवऱ्याने कमरेवर हात ठेवून पाहिली. “समुद्र, कार, बारीक बाई आणि माझ्या सासूबाई,” तो म्हणाला. “यातलं आधी काय येणार?” मी फळी जरा सरळ केली. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी त्या फळीसमोर उभी राहायची, आणि आई आतल्या खोलीत झोपली आहे असं मनात आणायची. खोटं कशाला बोलू, कधी कधी दोन मिनिटं खरंच वाटायचं. चहा जास्तीचा ठेवला जायचा.

मग दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे नवरा जे जे चालतं, फिरतं, कापतं त्या सगळ्यांची पूजा करतो. गाडीला झेंडूचा हार, मिक्सरला फूल, कॉम्प्युटरला कुंकू, विळीला, गॅसच्या शेगडीला, मुलाच्या मागे राहिलेल्या सायकललासुद्धा. शेवटी एक चांगला जाडजूड हार उरला. तो हातात घेऊन त्याने हॉलमध्ये इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाला, “तुझं हेही यंत्रच आहे की. अजून चालू पडलं नाही, त्याचीच पूजा जास्त करायला पाहिजे.” आणि फळीच्या खिळ्याला तो हार अडकवून टाकला. मी स्वयंपाकघरात पुरणाशी झगडत होते. मी पाहिलं ते ओझरतं. कार झाकली गेली, समुद्र झाकला गेला, योगासनवाली बाई पुरती बुडाली. हारातून फक्त आई दिसत होती, निळ्या आभाळात, हसरी.

संध्याकाळी सोनं द्यायला माणसं येऊ लागली. माझ्या माहेरकडच्या नात्यातले एक काका अमरावतीतच असतात. वयाने मोठे, पण दसऱ्याला घरी बसून राहणं त्यांना जमत नाही. स्कूटर काढतात आणि आपट्याची पानं घेऊन सगळ्या नातेवाइकांच्या घरी स्वतः जातात. ते आले, मी पाया पडले, “बसा,” म्हटलं आणि चिवडा-पेढे आणायला आत गेले. बाहेर आले तर काका टीव्हीसमोर उभे. चपला दाराशी काढलेल्याच होत्या, टोपीही काढून हातात घेतलेली. त्यांनी एक आपट्याचं पान टीव्हीवर ठेवलं, हात जोडले, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग न बसताच म्हणाले, “येतो बेटा. सांभाळा आता.” पेढा घेतला नाही. नवरा म्हणाला, शुगर असेल.

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा मोठा फोटो भिंतीवर चढतो तो कधी, हे मला कुणी शिकवायला नको होतं. माझ्या बाबांचाच अकोल्याला आहे, हारासकट. पण ती फळी रोज बघून बघून माझी नजर मेली होती. मला त्यात कार दिसत होती, झाकली असली तरी. काकांना जे दिसायचं ते दिसलं. शिवाय लग्न झालेल्या मुलीला आईबापाचं सुतक तीनच दिवसांचं, तेव्हा घरात सण दिसला तरी त्यांचा हिशेब चुकत नव्हता. त्यांना राग आला तो एकाच गोष्टीचा, की आपल्याला कळवलंसुद्धा नाही.

हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी आईचा फोन आला. नेहमी ती संध्याकाळी करते, म्हणून हातातलं काम टाकून मी तो उचलला. मी “हॅलो” म्हणायच्या आत तिने विचारलं,

“काहून वं, मी कशानं मेली?”

मला काही समजेना. ती म्हणाली, फोनवर सांगत नाही, मी एसटीनं येऊन रायली, दुपारच्याले घेयाले ये. आणि फोन ठेवला.

शाळेत अर्ध्या रजेचा निरोप दिला आणि बसस्टँडवर गेले. आई उतरली ती एकदम ठणठणीत. कडक इस्त्रीची साडी, हातात पिशवी, तोंडावर असं तेज की जणू बक्षीस घेऊन आली आहे. घरी आली, पाणी प्याली आणि जावयाला समोर बसवून सगळी हकीकत सांगितली. माझ्याकडे ती बघत नव्हती.

काकांनी घरी जाऊन नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बातमी टाकली होती. “भावपूर्ण श्रद्धांजली,” आणि खाली, “आम्हाला कळवण्यात आले नाही याचे दुःख आहे.” तो ग्रुप मी कधीच मुका करून ठेवला आहे. आई मात्र त्यात आहे. आई सकाळ-संध्याकाळ त्या ग्रुपवरच्या सगळ्या मेसेजांना, न वाचता, हात जोडलेलं चित्र पाठवते. तिने यालाही पाठवलं. नातेवाइकांनी ते पाहिलं आणि म्हटलं, लेक आईच्या फोनवरून उत्तर देऊन राहिली आहे. मग कुणाला शंकाच उरली नाही.

सकाळी मूर्तिजापूरहून एक जीप भरून बायका निघाल्या, भेटायला. आमच्याकडे मयताच्या घरी जाताना घर दिसलं की हेल काढून रडायला सुरुवात करतात. त्यांनी गल्लीच्या तोंडापासूनच केली. गल्लीतल्या बायका धावत बाहेर आल्या, कोण, काय, विचारतात तर या आईचंच नाव घेऊन रडतायत. काल संध्याकाळी सोनं देऊन गेलेली बाई रात्रीतून गेली, असंच गल्लीने धरलं. दारातून आत हाक मारायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही. सगळ्या ओसरीसमोर बसल्या आणि रडारड सुरू झाली.

“आन मी गच्चीवर,” आई म्हणाली. “झाडाइले पानी घालून रायली. खाली पायतो तं सारी गल्ली रडून रायली. मले वाटलं, आपली शेजारीन गेली. काल तिच्या छातीत दुखत होतं. म्या तसाच पदर खोचला, मांगच्या जिन्यानं उतरली आन बायाइच्या मांगं जाऊन बसली. मले बी रडू आलं. चांगली बाई होती, म्हटलं.”

नवऱ्याने तोंडावर रुमाल धरला.

“बाजूच्या बाईनं मले इचारलं, कशानं गेल्या? म्या म्हटलं, मले काय मायीत, मी आताच खाली आली.”

मग पुढे बसलेली तीच शेजारीण, जी सगळ्यांत मोठ्याने रडत होती, तिने नाक पुसायला मान वळवली आणि आई दिसली. ती जी किंचाळली, ती पार चौकापर्यंत ऐकू गेली म्हणे. तिला पाणी मारून सावध करावं लागलं. नंतर तीच आईला धरून पुन्हा रडली, या वेळी शिव्या देत देत. मूर्तिजापूरच्या बायकांना काय करावं कळेना. रडून झालेलं, आणि जिच्यासाठी रडल्या ती चहा टाकायला आत गेलेली. शेवटी सगळ्यांसाठी पोहे झाले. गल्लीतल्या एकीने जाता जाता सांगितलं की मी निम्मी रडले ती माझ्या ब्लाउजसाठी, तो तुमच्याकडेच अर्धा शिवून पडलाय.

आम्ही हसून हसून दमलो. आईही हसली. मग ती उठली आणि फळीसमोर जाऊन उभी राहिली. हार मी सकाळीच काढला होता. तिने चष्मा लावला.

“हे काय हाय?”

मी सांगितलं. जे पाहिजे ते लावायचं, रोज पाहायचं, मग ते येतं.

“मोटार,” आई बोट ठेवत गेली. “पानी. हे बाई कोन, माय, अशी मोडली काहून? आन मी.” ती माझ्याकडे वळली. “मोटारीले इचारा लागत नाई, तिले पैसे देले का येते. मले इचारलं होतं का तुनं?”

“रोजच तर विचारतो,” मी म्हटलं. माहेरच्या माणसाशी बोलताना माझीही भाषा घरी येते, बायकांच्याही तोंडी ‘करतो’, ‘येतो’ असणारी वऱ्हाडी.

“तू इचारत नाई. तू सांगते.”

मी तेच सुरू केलं. गुडघे, गॅस, दांडी. बघ, किती चांगली दांडी बसवली आहे. तिने मला बोलू दिलं. मग म्हणाली, “आयक. मले काल पावतर मायीत नव्हतं, मी अकोल्यात कोन हाय. शिवनकाम शिकवलं, ब्लाउज शिवले, संपलं, असंच वाटे. आज पाह्यलं ना डोयानं. माह्यासाठी सारी गल्ली रडली. तुह्या इथं मी मेली तं कोन रडन? तू रडशीन. जवाईबापू रडतीन. बाकीचे इचारतीन, कोन व्हती? आन तू म्हनशीन, माही आई, अकोल्याची.”

तिचं बोलणं तिरकं नव्हतं. ती खूश होती. इतकी खूश मी तिला बाबा गेल्यापासून पाहिली नव्हती, आणि त्या आनंदाला कारण काय तर ती माझ्याकडे राहत नाही हे. मला फार वाईट वाटलं आणि फार रागही आला. कुणावर यावा ते कळत नव्हतं, म्हणून काकांवर आला.

ती रविवारपर्यंत राहिली. त्या दिवसांत मी तिला एकदाही “कायमची राहा” म्हटलं नाही, आणि त्याचा परिणाम असा की घरातली प्रत्येक वस्तू माझ्या वाटचं तेच म्हणू लागली. मी तिच्या खोलीत नवीन चादर घातली. तिच्या आवडीची ज्वारीची भाकर दोन्ही वेळा केली. शाळेतून आले की ती दार उघडायची. दार आतून उघडणारं कुणीतरी असणं ही किती मोठी चैन आहे, हे ज्याच्या हातात रोज कुलपाची किल्ली असते त्यालाच कळेल. ती मला चहा करून द्यायची आणि माझ्या वर्गातल्या पोरांच्या भानगडी विचारायची. विज्ञानाच्या बाईंच्या स्कूटीची गोष्ट तिला एवढी आवडली की तिने ती जावयाला पुन्हा सांगितली.

रविवारी दुपारी तिने पिशवी भरली. चारची बस होती. नवरा गाडी काढायला खाली गेला. मी तिच्यासाठी डबा भरत होते, पोळ्या, तिखट चटणी, आणि डब्याचं झाकण काही केल्या बसत नव्हतं.

“भांडे काहून आपटून रायली?” आईने दारातून विचारलं.

“मी नाही आपटत.”

“मंग शेजारचे आपटून रायले असतीन.” ती आत आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. “एक सांग मले. तुले मी इथं काहून पायजे? गुडघे नको सांगू. ग्यास नको सांगू. ते दांडी तं अजिबात नको सांगू.”

शाळेत मला कुणी प्रश्न विचारला आणि मी गप्प राहिले असं कधी झालेलं नाही. माझ्याकडे कारणांची रांग तयार असते. त्या दिवशी ती सगळी तिने आधीच काढून घेतली होती आणि मागे एकच उरलं होतं, जे मी तिला, नवऱ्याला, कुणालाच आजवर बोलून दाखवलं नव्हतं. मी डबा तसाच ठेवला.

“मले करमत नाही आई,” मी म्हटलं. “पोरगा गेला तवापासून करमत नाही. शाळेतून येतो तं घर खायला उठते. हे रात्री येतात. मी टीव्ही लावतो आन बघत नाही. तुले काही गरज नाही, ते मले माहीत आहे. तू तिथं चांगली आहेस. मले पायजे तू. तुह्यासाठी नाही, माह्यासाठी.”

आणि मी रडले. हेल काढून नाही, पण फारसं कमीही नाही. माझं वय, माझी नोकरी, पोळ्यांचं पीठ लागलेले हात, काही आठवलं नाही. मला आई पाहिजे होती आणि ती समोर उभी होती.

आईने पदराने आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं. मला वाटलं आता ती गुडघ्यांवरून काहीतरी टोमणा मारणार. पण तिने माझा पिठाचा हात धरला. मग म्हणाली, “एवढं सांगाले मले मरा लागलं काय वं?”

खालून गाडीचा हॉर्न वाजला. तिने खिडकीतून जावयाला हात केला, गाडी बंद करा म्हणून. आत गेली, पिशवीतल्या साड्या काढून पुन्हा कपाटात ठेवल्या, आणि पलंगावर बसून अकोल्याला शेजारणीला फोन लावला. आई फोनवर नेहमी मोठ्याने बोलते, समोरच्याला अकोल्यापर्यंत ऐकू जावं म्हणून. मी ओट्यापाशी होते, तरी शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“आयकून रायली का वं? मी आता दिवाळी करूनच येतो. झाडाइले पानी घालजो. त्या बाईचा ब्लाउज मशीनवरच हाय, तिले म्हना थांब. नाई, नाई, तब्येत चांगली हाय माही.” ती जरा थांबली. “माह्या पोरीले माह्याबिगर करमत नाई.”